मोजून घ्या, मोजून द्या

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेत इमारतींचा इतिहास येईल, दात्यांची नामावली येईल, दहावीच्या निकालांचे तक्ते येतील. आणि ते आलेच पाहिजेत. ‘शाळेने आपल्याला काय दिले’ या विषयावर संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून काही भारदस्त मजकूर येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही मात्र शंभर रुपयांविषयी लिहिणार आहोत. एका फास्टफूडच्या उपाहारगृहात आमच्या नववीतील एका विद्यार्थिनीला शंभर रुपये कमी परत मिळाले. रक्कम किरकोळ आहे. पण धानोऱ्यासारख्या गावात बौद्धांनी चालवलेली निवासी शाळा कशासाठी असावी, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या शंभर रुपयांपाशी अधिक स्पष्टपणे सापडले.

नोटाबंदीला तेव्हा दोन-अडीच वर्षे झाली होती. नववीची सहल नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना नेली होती. पुष्कळ लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. त्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंच्या निवासाची लेणी आहेत, हे आम्ही दर वर्षी मुलांना सांगतो. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे दगडावर कोरलेला एक चोख हिशेब आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे 2000 कार्षापणे, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे 1000 कार्षापणे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यायची.

आम्ही मुलांना म्हटले, “दात्याचा हिशेब जुळतो का, तपासा.” मुले बोटे मोडू लागली. एका मुलीने मिनिटभरात उत्तर दिले : “दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, तेही दोनशे चाळीस. सर, हिशेब बरोबर आहे.” राजाच्या जावयाचा हिशेब तपासून तो बरोबर असल्याचा निर्वाळा देताना तिच्या आवाजात तिळमात्र संकोच नव्हता.

परतीच्या वाटेवर, मुंबई-आग्रा महामार्गावरील एका उपाहारगृहापाशी गाडी थांबली. चकचकीत काचा, वर उजळलेले फलक, गणवेश घातलेली तरुण मुले, यंत्रातून निघणारी पावती. आमच्या बहुतेक मुलांनी असे ठिकाण आतून प्रथमच पाहिले. चौघा-चौघांचे गट केले होते आणि प्रत्येक गटाकडे पैसे दिले होते. शिलालेखाचा हिशेब सोडवणाऱ्या त्याच मुलीने आपल्या गटासाठी चार बर्गर घेतले. पंचावन्न रुपयांप्रमाणे 220, त्यावर पाच टक्के कर 11, एकूण 231 रुपये. तिने पाचशेची नोट दिली. परत 269 मिळायला हवे होते. हातात 169 आले.

तिने मोजले होते. टेबलाशी बसल्यावर मैत्रिणींनाही सांगितले होते. मैत्रिणींपैकी एकीने आम्हांला येऊन सांगितले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “सर, जाऊ द्या ना. ते काहीतरी बोलतील.”

‘ते काहीतरी बोलतील’ हे तीन शब्दांचे भय कोठून येते? गणित तिला येत होते. पावती तिच्या हातात होती. काउंटरवर ठळक पाटीही होती : ‘काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत.’ अडत होते ते दुसरेच. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. आपल्या जिल्ह्यातून अशी हजारो जोडपी जातात. नवरा-बायकोच्या त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसांची गणतीही हत्याराच्या नावाने होते. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर राबून ती फेडायची, आणि हंगाम संपताना मुकादम सांगेल तो आकडा ऐकून गावी परतायचे. तिने आम्हांला जे सांगितले ते असे : “बाबा म्हणतात, दिलं ते गुपचूप घ्यायचं. विचारलं तर पुढच्या वर्षी बोलवत नाहीत.” घरात शिकलेला हा धडा शाळेत शिकलेल्या गणितापेक्षा जुना होता, आणि काउंटरपुढे तोच वरचढ ठरला.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही या धड्याचे वय सांगू शकतो. आमचे आजोबा सांगत, दुकानाच्या पायरीखाली उभे राहून नाणे जमिनीवर ठेवावे लागे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचली आणि मीठ-मिरची वरून टाकी. उरलेले पैसेही तसेच वरून पडत. धुळीत पडलेले पैसे वेचून घेणारा माणूस ते मोजून ‘एक पैसा कमी आहे’ असे कोणाला सांगणार? ज्याच्या हातात हात लागू द्यायचा नाही, त्याच्याशी हिशेबाचा वाद तरी कोण घालणार? अस्पृश्यतेने माणसाचे पाणी तोडले, मंदिर तोडले, हे आपण नेहमी बोलतो. तिने त्याचा हिशेब विचारण्याचा हक्कही तोडला होता, हे आपण फारसे बोलत नाही.

बाबासाहेबांच्या बालपणातील 1901 सालचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. वडील सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी भावंडे मसूर स्थानकावर उतरली, आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर. तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. सरकारी रोकड सांभाळणाऱ्या माणसाच्या मुलांकडून दुप्पट पैसे घेतले गेले, आणि ते जास्त आहेत असे म्हणण्याची सोय नव्हती. पुढे हाच मुलगा लंडनला अर्थशास्त्र शिकला आणि 1923 साली त्याचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला भाव स्थिर ठेवण्यापेक्षा देशात त्या रुपयाला काय मिळते हे स्थिर राहणे महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह होता. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी आपले म्हणणे मांडले. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा साधा अर्थ असा : मजुराच्या हातात पडलेला रुपया मोजून बरोबर असला, पण मागच्या वर्षी त्यात जेवढी ज्वारी येई तेवढी यंदा येत नसेल, तर त्याला कमीच पैसे मिळाले. त्या कमी पडलेल्या पैशांचा हिशेब बाबासाहेबांनी थेट साम्राज्याच्या सरकारला विचारला.

कोणी फसवले नाही तरी गरिबाच्या हाती कमी पैसे कसे पडू शकतात, याचे एक उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. 1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. धम्मदीक्षेला तेव्हा सहा महिनेही पूर्ण झाले नव्हते, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला चार महिने होत होते. पूर्वी रुपयाचे 16 आणे, म्हणजे 64 पैसे होत. आता 100 नये पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, पण सव्वा पैशाचे नाणे नाही. म्हणून नियम केला : अर्ध्याहून जास्त अपूर्णांक असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरावा, अर्धा किंवा कमी असेल तर सोडून द्यावा. त्यामुळे एका आण्याचे सहा नये पैसे झाले. जुन्या एका पैशाचे मात्र दीडाहून थोडे अधिक होतात, म्हणून दोन धरले गेले. आता पाहा : जो एकदम आण्याचा माल घेई त्याला सहा नये पैसे पडत, जो चार वेळा जुन्या एकेका पैशाचा माल घेई त्याला आठ. माल तेवढाच. एकेका पैशाचे तेल आणि एकेका पैशाचे मीठ कोण घेत होते, हे आपल्या वस्त्यांना सांगावे लागत नाही. कायदा निर्दोष हेतूने केलेला होता. तरी ज्याला मोजता येत होते आणि ज्याच्यापाशी आणा एकदम होता, तोच त्यातून सुटला.

महात्मा फुल्यांनी 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये निरक्षर शेतकऱ्याला कागदपत्रांतून कसे नागवले जाते याचे जे चित्र रेखाटले आहे, ते आपल्या खानदेशात फार काळ टिकले. सालदार म्हणून वर्षभर राबणाऱ्या माणसाचा हिशेब मालकाच्या वहीत असे, आणि ती वही त्याला वाचता येत नसे. 1972 नंतर शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी व शेतमजुरांची मजुरी यांसाठी जो लढा दिला, तो आमच्या पिढीने बालपणी ऐकत ऐकतच वाढवला. त्या लढ्याच्या मुळाशीही एक साधा प्रश्न होता : आमचे किती होते, आणि तुम्ही किती दिले?

एवढे सारे त्या मुलीच्या मौनामागे उभे होते. म्हणून तिच्या वतीने काउंटरवर जाऊन शंभर रुपये आणून देणे आम्हांला योग्य वाटले नाही. आम्ही तिला म्हणालो, “बाळ, पैसे तुझ्या हातून गेले, प्रश्नही तूच विचार. आम्ही मागे उभे आहोत.” ती उठली. काउंटरवरचा मुलगा विशीतला होता. तो म्हणाला, “तुम्ही दोनशेच्या दोन नोटा दिल्या. चारशेतून दोनशे एकतीस गेले, एकशे एकोणसत्तर दिले.” त्याचे गणितही बरोबर होते. शंका नोटेची होती. ती क्षणभर थांबली आणि मग तिने जे उत्तर दिले त्याने आम्हीही चकित झालो. ती म्हणाली, “दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप असतो, तो मी ओळखते. मी दिलेल्या नोटेवर लाल किल्ला होता.”

व्यवस्थापकाला बोलावले गेले. गल्ला मोजून पावत्यांशी ताडून पाहिला, त्यास दहा मिनिटे लागली. मागे रांग कुरकुरत होती, एक गृहस्थ “शंभर रुपयांसाठी एवढे!” असेही म्हणाले. गल्ल्यात बरोबर शंभर रुपये जास्त निघाले. व्यवस्थापकाने ते परत केले, काउंटरवरच्या मुलाने माफी मागितली. मुलीने सर्वांदेखत पुन्हा सगळे पैसे मोजले आणि ती म्हणाली, “दोनशे एकोणसत्तर. बरोबर आहे.” लेण्यात काढला होता तोच आवाज.

आम्ही त्या मुलाशी नंतर दोन शब्द बोललो. त्याचे गाव साक्रीकडचे. सकाळपासून उभा होता. तो म्हणाला, “काका, रात्री गल्ल्यात पैसे कमी भरले तर माझ्या पगारातून जातात. जास्त भरले तर कोणी विचारत नाही.” हे वाक्य आम्ही गाडीत मुलांना सांगितले, कारण हिशेबाची दुसरी बाजू त्यात होती. आपल्याला कधी चुकून जास्त पैसे आले, तर ते मोठ्या मालकाचे जात नाहीत. अशाच एखाद्या मुलाच्या पगारातून जातात.

त्यावर गाडीत जो वाद झाला तो आमच्या शिक्षकी आयुष्यातील उत्तम वादांपैकी एक होय. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून परावृत्त होण्याचे आहे. एका मुलाने विचारले, “सर, दुकानदाराने जास्त पैसे स्वतःच्या हाताने दिले, तर ते दिलेलेच झाले. मग ठेवले तर शील कसे मोडते?” प्रश्न लबाडीचा नव्हता, तर्काचा होता. पुष्कळ उत्तरे आली. मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलाने दिलेले उत्तर सर्वांना पटले : “देणाऱ्याला आपण देतोय हे ठाऊक असेल तरच ते दिलेले. चुकून आलेले हे दिलेले नाही.” यापेक्षा चांगली व्याख्या आमच्या वाचनात नाही.

धानोऱ्याला परतल्यावर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, बाजारातल्या भाजीवालीकडून शिकलेली मोड देण्याची रीत. शाळेत न गेलेली ही बाई कधी वजाबाकी करीत नाही. ती चढत मोजते. सदतीस रुपयांची भाजी आणि शंभराची नोट असेल, तर “सदतीस” म्हणून भाजी पुढे करते, तीन नाणी ठेवत “चाळीस”, दहाची नोट ठेवत “पन्नास”, आणि पन्नासाची ठेवत “शंभर.” देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हिशेब एकाच वेळी, एकाच आवाजात पुरा होतो, कोणी कोणावर अविश्वास दाखवला असे होत नाही. आमची पाचवीची मुले आता वजाबाकी याच रीतीने पडताळून पाहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे विक्रेता नसलेले दुकान. वसतिगृहाच्या ओसरीवर वह्या, पेन, साबण आणि एक डबा ठेवला. घ्यावे, पैसे टाकावेत, मोड हवी तर डब्यातून घ्यावी, वहीत लिहावे. दर शनिवारी मुलेच डबा मोजतात. तो नेहमीच जुळतो असे नाही. कधी दोन रुपये कमी, कधी पाच रुपये जास्त निघतात. जास्त निघाले की मुले अधिक अस्वस्थ होतात, कारण कोणाचे तरी गेले आहेत. ‘तीन रुपये देणे आहे, सोमवारी देईन’ अशा नोंदी वहीत सापडतात, आणि सोमवारी त्यांवर रेघ मारलेली दिसते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत तिने वडिलांना एक वही करून दिली : किती उचल घेतली, कोणत्या दिवशी किती ऊस भरला, मधल्या काळात धान्याला आणि औषधाला किती नेले. हंगाम संपताना मुकादमाच्या हिशेबात एक कपात दोनदा लागलेली निघाली. वडिलांनी वही पुढे केली. मुकादमाने तोंड वाकडे केले, पण कपात काढली. पुढल्या वर्षी त्याने या जोडीला बोलावले नाही. त्यांना दुसऱ्या टोळीत जावे लागले आणि तेथे उचल कमी मिळाली. मुलीला शाळेत सोडायला आले तेव्हा वडील आम्हांला म्हणाले, “सर, नुकसान झालं थोडं. पण वही बंद केली नाही.” हिशेब विचारण्याची किंमत मोजावी लागते, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही. ती किंमत एकट्याने मोजावी लागू नये, यासाठीच संघ असतो, संघटना असते आणि शाळाही असते.

आता फोनवरून पैसे देता येतात, सुट्ट्यांचा प्रश्नच संपला, असे काही पालक म्हणतात. सोय झाली हे खरे. पण मजुरीचा हिशेब, रेशनचे वजन, शिष्यवृत्तीची खात्यावर आलेली रक्कम आणि बँकेने कापलेले शुल्क हे सारे अजून मोजूनच पाहावे लागते. पडद्यावरचा आकडा बरोबर आहे का, हे विचारणारे माणूस पडद्याबाहेरच असावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती लहानशी आहे. मुलांच्या हाती नोट देऊन त्यांना दुकानात एकटे पाठवा. परत आलेले पैसे त्यांनाच मोजू द्या. कमी असतील तर परत जाऊन विचारायला लावा, आणि त्या वेळी चार पावले मागे उभे राहा. जास्त असतील तर त्याच पावली परत करायला लावा. मजुरीच्या हिशेबाला बसाल तेव्हा शिकलेल्या मुलामुलीला शेजारी बसवा. आणि तुमच्यापैकी जे आज स्वतः दुकाने चालवतात, कामगारांना पगार देतात, कार्यालयांत दुसऱ्यांची देयके मंजूर करतात, त्यांनी समोरच्याच्या हातात हात देऊन, मोठ्याने मोजून पैसे द्यावेत. आपल्या आजोबांच्या हाती ते असे कधी पडले नाहीत.

जय भीम. नमो बुद्धाय.